पेटीच्या हत्यारांची पेटी



आपल्या शाळेत प्रार्थनेला वाजते ती पेटी तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. गेले काही महिने तिची तब्येत ठीक नव्हती. मधल्या सप्तकातला एक सूर किरकिरत होता, एक पट्टी दाबली तरी मुकी राहत होती आणि भाता इतका मारावा लागे की वाजवणाऱ्याचा हात दुखून येई. पालकसभेत एक सूचना आली : "आता ही मोडीत काढा आणि बटणावर चालणारा कीबोर्ड घ्या." सूचना रास्त होती, कारण भोपाळमध्ये पेटी दुरुस्त करणारे कारागीर आता शोधावे लागतात. तरीही मोडीत काढण्याआधी एकदा उघडून तर पाहू, असे आम्ही संगीत वर्गाने ठरवले. उघडायला हत्यारे हवीत. ती जमवताना जे शिकलो, ते या पाठात सांगत आहोत.

आधी थोडे पियानोविषयी

सुरुवात एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने झाली. तिने मोबाईलवर पियानो लावणाऱ्या कारागिराची चित्रफीत पाहिली होती. त्याच्यासारखी हत्यारे आणली तर आपली पेटी लावता येईल का, असे तिने विचारले.

पियानोला ८८ पट्ट्या आणि साधारण सव्वादोनशे तारा असतात. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात जातो. प्रत्येक तार एका पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते. पियानो लावणाऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे ही खुंटी फिरवण्याचा लांब दांड्याचा पाना. दुसरे हत्यार रबराची किंवा नमद्याची पाचर. तीन तारांपैकी दोन गप्प बसवून एकीचाच सूर ऐकायचा असतो, त्यासाठी ती लागते. तिसरा स्वरकाटा, म्हणजे ठरावीक सूर देणारा पोलादी चिमटा. बाकी हातोड्यांच्या दुरुस्तीची बारीकसारीक हत्यारे असतात.

यातले काहीच आपल्या पेटीला लागू पडत नाही, कारण पेटीत तारच नसते. एक फरक मात्र पुढच्या सगळ्या पाठाचा पाया आहे. पियानोची खुंटी जास्त फिरली तर उलटी फिरवता येते. पेटीचा सूर लावताना पितळ खरवडावे लागते आणि खरवडलेले पितळ परत चिकटवता येत नाही. म्हणून पेटीच्या हत्यारांत धारदार वस्तू थोड्या हव्यात, आणि त्यांच्या आधी इतर पुष्कळ गोष्टी हव्यात.

पेटी आपल्याकडे कशी आली

अलेक्झांडर दबँ या कारागिराने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारण्याची होती. आपल्याकडे बैठकीत मांडी घालून बसण्याची रीत, म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारायची आटोपशीर पेटी घडवली. मराठी संगीत नाटकाने पेटी आणि ऑर्गन दोन्ही आपलेसे केले. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर ही नावे तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते त्यांच्या आठवणी सांगतील. पु. ल. देशपांडेही पेटी वाजवत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली. तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त इकडे आली. ट्रंका, वळकट्या आणि देवघराबरोबर काहींच्या सामानात पेटीही होती. आज अशोका गार्डनमधल्या काही घरांत ती माळ्यावर, चादरीत गुंडाळून पडलेली आहे. हा पाठ त्या पेट्यांसाठीही आहे.

आवाज कुठून येतो

दुरुस्तीआधी रचना समजली पाहिजे. भात्याने हवा पेटीच्या पोटात भरते. पोटाच्या छताला, म्हणजे सुरांच्या पाटीला, खालच्या बाजूने रीड्स बसवलेल्या असतात. रीड म्हणजे पितळेची एक छोटी चौकट. तिच्यात लांबट फट असते आणि फटीवर एका टोकाला रिबीट मारून बसवलेली पातळ पितळी जीभ. वरची पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाची चामडी लावलेली झडप उचलली जाते, हवेला वाट मिळते आणि जीभ फटीतून वर-खाली थरथरते. हाच सूर. पट्टी सोडली की स्प्रिंग झडप मिटवते आणि सूर थांबतो.

साडेतीन सप्तकांच्या पेटीत १२ गुणिले साडेतीन, म्हणजे ४२ पट्ट्या असतात. आपली पेटी खर्ज आणि नर अशा दोन ओळींची आहे, म्हणजे रीड्स झाल्या ८४. यातली एक बिघडली म्हणून ८३ मोडीत काढायच्या का, हा प्रश्न आम्हाला पाटी उलटी केल्यावर पहिल्यांदा नीट कळला.

पहिले हत्यार : कान आणि वही

आम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी दोन तासिका नुसते ऐकण्यात घालवल्या. प्रत्येक पट्टी एकेक करून वाजवली आणि वहीत नोंद केली. दोष बहुधा पुढीलपैकीच निघतात.

सूर मुका असेल तर जिभेखाली कचरा किंवा केस अडकलेला असतो, नाहीतर जिभेचे टोक फटीत खाली बसलेले असते. सूर किरकिरत असेल तर जीभ चौकटीच्या कडेला घासते, किंवा रीडचा स्क्रू सैल असतो. पट्टी सोडली तरी सूर चालूच राहत असेल तर झडप मिटत नाही : स्प्रिंग थकली, चामडे ताठ झाले किंवा खाली काही अडकले. सूर उशिरा बोलत असेल तर जिभेचे टोक गरजेपेक्षा जास्त उचललेले असते. सगळेच सूर दुबळे असतील तर रीडला दोष देऊ नका. हवा गळते आहे, भाता पाहा.

गळती शोधायला यंत्र लागत नाही. सगळ्या खुंट्या बंद करून भाता मारा आणि थांबा. पोटातली हवा भरकन ओसरली तर गळती आहे. मग हाताची पाठ ओली करून सांध्यांजवळून फिरवा. जिथे गार वाटेल तिथे भोक. आपल्या पेटीचे भोक भात्याच्या घडीच्या कोपऱ्यात सापडले, तेही इयत्ता सहावीच्या हाताला!

हत्यारांचा पहिला कप्पा : उघडणे आणि पुसणे

या कप्प्यात दोन मापांचे चांगल्या पोलादाचे स्क्रू ड्रायव्हर हवेत. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे. सैल बसले तर स्क्रूची खाच झिजते आणि पुढच्या माणसाला तो उघडत नाही. त्यासोबत एक लहान पक्कड, एक बारीक टोकाचा चिमटा, एक रंगाचा मऊ ब्रश, जुना दात घासायचा ब्रश, विजेरी, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या आणि स्क्रू ठेवायला खणांचा मसाल्याचा डबा. मसाल्याचा डबा ही सूचना एका आईची. त्याच्यामुळे आमचा एकही स्क्रू हरवला नाही.

मुक्या सुराला आधी कागदाची पट्टी. ती जिभेखाली हलकेच सरकवून रिबिटाकडून मोकळ्या टोकाकडे ओढायची. आपली मुकी पट्टी एवढ्यानेच बोलू लागली. जिभेखालून धुळीचा एक कण निघाला. त्याच्यासाठी पेटी मोडीत जायची होती.

दुसरा कप्पा : चामडे, कापड आणि सरस

यात मऊ पातळ चामड्याचा तुकडा, भात्याच्या सांध्यांसाठी पातळ कापड, कात्री, धारदार ब्लेड, पोलादी पट्टी, बारीक पॉलिश पेपर आणि सरस. जो सांधा पुढे कधीतरी पुन्हा उघडावा लागेल, तिथे सरस वापरावा, कारण कोमट ओल्या फडक्याने तो सुटतो. कायमचे चिकटणारे रसायन लावले तर पुढच्या दुरुस्तीत चामडे फाटते, लाकूडही सोलते. स्क्रूचे भोक सैल झाले असेल तर मोठा स्क्रू पिळू नये. काडेपेटीच्या काडीची चीप सरसात बुडवून भोकात बसवावी आणि जुनाच स्क्रू लावावा.

तिसरा कप्पा : सूर लावणे

हा कप्पा आम्ही मुद्दाम शेवटी भरला. त्यात एक बारीक दातांची चपटी सुईकानस, एक टोकदार खरवडणी, जिभेखाली आधाराला सरकवायचे पातळ पोलादी पाते आणि सूर मोजण्याचे साधन, एवढेच. पातळ पाते मोटार दुरुस्तीच्या सामानात मिळणाऱ्या फिलर गेजमधून मिळते. सूर मोजायला मोबाईलमधले ट्यूनर ॲप पुरते.

नियम दोनच आहेत, आणि ते पाठ झाल्याशिवाय कानस हातात मिळणार नाही असा वर्गाचा ठराव आहे. जिभेच्या मोकळ्या टोकाजवळ खरवडले की टोक हलके होते, जीभ जलद हलते आणि सूर चढतो. रिबिटाच्या बाजूला खरवडले की जीभ तिथे लवचिक होते आणि सूर उतरतो. दोन्ही वेळा जिभेखाली पाते असलेच पाहिजे, नाहीतर जीभ वाकते.

दोन-तीन हलके हात मारायचे, कीस ब्रशने झाडायचा, थोडे थांबायचे आणि मग मोजायचे. थांबायचे अशासाठी की घासल्याने पितळ तापते आणि तापलेल्या जिभेचा सूर उतरलेला दिसतो. रीड टेबलावर एक सूर देते आणि पेटीत बसल्यावर किंचित वेगळा. म्हणून शेवटचे मोजमाप पेटीत बसवूनच करावे, आणि भाता दर वेळी सारख्याच जोराने मारावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पितळेचा कीस डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा लावावा.

आमची चूक

ही गोष्ट लपवून ठेवावी असे काहींचे मत होते. पण पाठ लिहायचा तर चूकही लिहिली पाहिजे. किरकिरणारा सूर नीट झाल्यावर आमचा धीर वाढला. वरच्या सप्तकातली एक रीड थोडी उतरलेली होती. सूर चढेना म्हणून आमच्यापैकी एकाने कानस जोरात, पुढे-मागे चालवली. पाते घालायचे राहून गेले होते. जिभेवर आडवा ओरखडा पडला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत, वाजता वाजता, ती तिथेच तुटली.

त्यानंतर आमच्या वर्गाला भेलमधून निवृत्त झालेले एक फिटर आजोबा येऊ लागले. त्यांना सरगम येत नाही, पण कानस कळते. त्यांनी पहिल्या दिवशी पेटीला हातही लावला नाही. आम्हाला पितळेचे भंगार तुकडे दिले आणि म्हणाले, "बाळांनो, कानस पुढे जाताना कापते. मागे येताना ती उचलायची, घासत आणायची नाही. आणि प्रत्येक हाताआधी स्वतःला विचारायचं, हा हात नाही मारला तर चालेल का?" आठवडाभर आम्ही फक्त भंगारावर हात बसवला.

तुटलेल्या रीडच्या जागी दुसरी हवी होती. रीड्स बनवण्यासाठी गुजरातेतले भावनगर जिल्ह्यातले पालिताणा प्रसिद्ध आहे. आम्हाला मात्र एका पालकांच्या माळ्यावरच्या मोडक्या पेटीतून त्याच मापाची रीड मिळाली. मोडकी पेटी हेही एक हत्यारच आहे, हे तेव्हा समजले.

सूर जुळला हे कशावरून ओळखायचे?

आता थोडे गणित. दोन सूर जवळजवळ सारखे पण अगदी सारखे नसतील तर एकत्र वाजवताना आवाज डोलतो : मोठा, लहान, मोठा, लहान. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. एका सुराची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असतील, तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतात. फरक शून्य झाला की डोलणे थांबते. म्हणून आम्ही आधी नर ओळ ट्यूनरवर लावली. मधल्या सप्तकातली पांढरी सहा म्हणजे ४४०. मग खुंट्या उघडून खर्जाची ओळ नराशी कानाने जुळवली. खर्ज बरोबर निम्म्या कंपनांवर, २२० वर, आला की डोलणे नाहीसे होते. हे यंत्रापेक्षा कानाला लवकर कळते.

पण सगळीकडे डोलणे थांबवता येत नाही, आणि येथे पेटीचा जुना वाद सुरू होतो. षड्ज २४० कंपनांचा धरा. तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गांधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गांधार सुमारे ३०२.४ वर पडतो. प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही असतात. षड्जाचा पाचपट उपस्वर १२०० आणि पेटीच्या गांधाराचा चौपट उपस्वर सुमारे १२०९.५. फरक साडेनऊ, म्हणजे सेकंदाला साडेनऊ विस्पंद. पंचमाचा फरक नगण्य आहे : शुद्ध ३६०, पेटीचा ३५९.६.

याच कारणांनी जाणकारांनी पेटीवर आक्षेप घेतले. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली होती, ती १९७१ पासून सैल झाली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी आणि क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने मिळून श्रुतींची पेटीही करवून घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. आम्ही शाळेची पेटी बारा सारख्या भागांवरच लावली, कारण प्रार्थना कधी काळी एकमध्ये होते, कधी पांढरी चारमध्ये, आणि पेटी सगळ्यांना चालली पाहिजे. पण गांधार थोडा चढा का लागतो, हे आता आमच्या वर्गातली लहान मुलेही सांगू शकतात.

भोपाळच्या हवेत पेटी कशी ठेवावी

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. लाकूड आटते, सांधे उघडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात. पावसाळ्यात अडकलेली पट्टी लगेच तासू नका. हवा कोरडी झाल्यावर ती बहुधा आपोआप सुटते, आणि तासलेली असेल तर हिवाळ्यात खिळखिळी होते. पेटी भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नये, उन्हात वाळवू नये. उंदीर चामडे कुरतडतात, म्हणून खोके बंद असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेटी रोज थोडी वाजवावी. बंद पेटीपेक्षा वाजती पेटी जास्त टिकते.

विश्वस्त मंडळींना विनंती

आपली पेटी आता रोजच्या प्रार्थनेला पुन्हा वाजते आहे. नवा कीबोर्ड घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. तो आला तर आनंदच आहे. विनंती एवढीच, की हत्यारांच्या खोक्याला संगीत खोलीत एक कुलूपबंद कपाट मिळावे, आणि दर वर्षी आठवी-नववीच्या चार विद्यार्थ्यांना हे काम शिकवले जावे. आजोबांचा हात आज आपल्याला लाभला आहे. तो पुढच्या हातात जाणे आपल्यावर आहे.

खोक्याच्या झाकणावर आतून हत्यारांची यादी चिकटवली आहे. यादीशेजारी आम्ही ती तुटलेली रीड दोन स्क्रूंनी बसवली आहे. कानस घ्यायला झाकण उघडले की आधी ती दिसते.

स्वाध्याय

१. घरातील किंवा शेजारची पेटी वाजवून प्रत्येक पट्टीची नोंद वहीत करा. पेटी उघडू नका.

२. एका रीडची कंपने ४३७ आहेत. ती ४४० वर आणायची आहे. जिभेच्या कोणत्या टोकाजवळ खरवडाल? ४४० च्या सुराशी ती आत्ता सेकंदाला किती विस्पंद देईल?

३. षड्ज २४० असेल तर खर्जाचा षड्ज, शुद्ध पंचम आणि तार षड्ज यांची कंपने काढा.

४. आजी-आजोबांना विचारा : आपल्या घरात पेटी होती का? ती कोण वाजवत असे, आणि आता कुठे आहे? उत्तर दहा ओळींत लिहून संगीत वर्गात द्या. पेटी माळ्यावर असेल तर तेही कळवा, आम्ही हत्यारे घेऊन येऊ.